फोटो लावायचा कुठे?

एखादा नावाजलेला छायाचित्रकार महोत्सवाचा दिग्दर्शक झाला की त्याच्याबद्दल हळहळणारे लोक भेटतात. चांगला हात होता, आता परवानग्यांचे अर्ज लिहीत बसणार, प्रायोजकांच्या मागे फिरणार, उद्घाटनाला कोणत्या मंत्र्याला बोलवायचं याची चिंता करणार, असा एकूण सूर असतो. या हळहळीच्या मुळाशी एक समजूत आहे. फोटो म्हणजे कॅमेऱ्याचा खटका दाबला तो क्षण, आणि तो कागदावर उमटला की छायाचित्रकाराचं काम संपलं, अशी ती समजूत. रोजच्या वर्तमानपत्रातल्या फोटोला ती थोडीफार लागू पडत असेल. कलाछायाचित्रणाला मात्र ती मुळीच लागू पडत नाही. तिथे फोटो किती मोठा छापायचा, कशाशेजारी लावायचा, कोणत्या इमारतीत, कोणत्या गावात आणि कोणासमोर, यावर त्याचा निम्मा अर्थ ठरतो. महोत्सवाचा दिग्दर्शक हे निम्मं काम करतो, म्हणजे छायाचित्रकाराचंच काम पुढे नेतो. पुष्पमाला एन. यांच्या कारकिर्दीत हे फार स्पष्ट दिसतं. आणि हे म्हणणं खरं की केवळ शहरी दालनांपुरतं, हे तपासायचं तर त्यासाठी मुंबई-दिल्लीपेक्षा महाड तालुक्यातलं दासगाव बरं. तिथे कलादालन नाही आणि दाखवण्यासारखं मात्र पुष्कळ आहे.

पुष्पमाला यांचा जन्म १९५६चा, बंगळुरूचा. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात त्या शिल्पकला शिकल्या आणि पहिली काही वर्षं शिल्पकार म्हणूनच ओळखल्या गेल्या. नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर त्या कॅमेऱ्याकडे वळल्या, पण कॅमेऱ्याच्या मागे न जाता पुढे उभ्या राहिल्या. १९९६ ते १९९८ या काळात मुंबईत झालेली 'फॅन्टम लेडी ऑर किस्मत' ही कृष्णधवल फोटोंची मालिका म्हणजे जणू न बनलेल्या एका थरारपटातली स्थिरचित्रं. तिच्यातली मुखवटा घातलेली नायिका थेट वाडिया मूव्हीटोनच्या 'हंटरवाली'ची, म्हणजे १९३५च्या फिअरलेस नादियाची आठवण करून देते. ती नायिका स्वतः पुष्पमाला आहेत. खटका दुसऱ्याच कोणी दाबला आहे. मग फोटो कोणाचा? ज्यांना हा प्रश्न अडचणीचा वाटतो त्यांनी सिनेमाकडे पाहावं. तिथे छायालेखक वेगळा असतो म्हणून चित्रपट दिग्दर्शकाचा नाही असं कोणी म्हणत नाही. पुष्पमाला वेश ठरवतात, पडदा रंगवून घेतात, प्रकाश कुठून येणार ते ठरवतात, जुन्या कोणत्या चित्राची आठवण पाहणाऱ्याच्या मनात जागी व्हायला हवी तेही ठरवतात. इतके निर्णय घेणारी व्यक्ती पुढे महोत्सवाची जबाबदारी घेते तेव्हा तिच्या हातात नवं काम येत नाही, तेच काम मोठं होऊन येतं.

क्लेअर आर्नी या छायाचित्रकर्तीसोबत २००० ते २००४ या काळात केलेली 'नेटिव्ह विमेन ऑफ साउथ इंडिया: मॅनर्स अँड कस्टम्स' ही मालिका मराठी वाचकाला अधिक जवळची वाटावी. तिच्यात पुष्पमाला रविवर्म्याची लक्ष्मी झाल्या आहेत. ही लक्ष्मी आपण कलाग्रंथात पाहिलेली नसते, ती देवघरात किंवा किराणा दुकानाच्या गल्ल्यावर पाहिलेली असते. १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हललेल्या रविवर्म्याच्या छापखान्याने ती घरोघर पोचवली. त्याच मालिकेत चौकटी आखलेल्या पडद्यासमोर, अंगाची मोजमापं घेण्याच्या साधनांसह उभी असलेली तोडा जमातीची स्त्रीही आहे. ती आली आहे वसाहतकाळातल्या मानववंशशास्त्राच्या फोटोंवरून. एकीला आपण हात जोडतो, दुसरीची साहेबाने पट्टी लावून नोंद घेतली. दोन्ही ठिकाणी बाई एकच, फक्त पाठीमागचा पडदा बदलला आणि तिची किंमत बदलली. या विनोदाला धार आहे, आणि तो केवळ दक्षिणेपुरता नाही. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या कामात होते. त्याच सोसायटीतल्या विल्यम जॉन्सनने १८६३ आणि १८६६ साली मुंबईतल्या जातीजमातींच्या फोटोंचे दोन खंड काढले. त्यांतल्या अनेक फोटोंत माणसं एकीकडे टिपलेली आणि पाठीमागचं दृश्य दुसरीकडून आणून जोडलेलं आहे. म्हणजे 'जसं होतं तसं' दाखवण्याचा दावा करणारा फोटो आपल्या प्रांतात जन्मापासूनच मांडलेला होता. पुष्पमाला मांडणी करतात आणि ते लपवत नाहीत, फरक इतकाच.

त्यांचं एक काम मला या सगळ्या युक्तिवादाचा कणा वाटतं. वास्को द गामा कालिकतच्या सामुद्री राजाच्या दरबारात उभा आहे असं एक भव्य तैलचित्र वेलोझू साल्गादू या चित्रकाराने १८९८ साली रंगवलं. घटनेला तेव्हा चारशे वर्षं झाली होती. चित्रकाराने ती पाहिली नव्हती आणि पाहणं शक्यही नव्हतं. पोर्तुगालला स्वतःचा जो इतिहास हवा होता तो त्याने रंगवून दिला. पुष्पमाला यांनी तेच चित्र फोटोसाठी पुन्हा उभं केलं. वास्को त्या स्वतः झाल्या, दरबारी म्हणून माणसं सजवून उभी केली. हा फोटो २०१४ साली कोची-मुझिरिस बिएनाले या कलामहोत्सवात लागला. आता जागा पाहा. हेच चित्र लिस्बनमध्ये लावलं असतं तर ती एका जुन्या चित्राची चतुर नक्कल ठरली असती. कोचीत मात्र वास्को १५२४ साली मेला, आणि फोर्ट कोचीच्या सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये त्याला आधी पुरलं होतं. ते चर्च पाहून आलेला माणूस काही मिनिटांत दाढीमिशा लावलेल्या बाईच्या रूपातल्या वास्कोसमोर येतो, तेव्हा शाळेत घोकलेला 'शोध' हा प्रकार नेमका कोणी कोणासाठी रचला, हा प्रश्न त्याला कोणी न विचारता पडतो. हे घडवून आणण्यात अर्धा वाटा फोटोचा, उरलेला अर्धा तो तिथे आणणाऱ्याचा. त्या वर्षीचा क्युरेटर होता जितिश कल्लाट, मुंबईचा, जे. जे. कलाशाळेचा विद्यार्थी. मुळात बिएनाले २०१२ साली सुरू करणारे बोस कृष्णमाचारी आणि रियास कोमू हे दोघेही जे. जे.मधून बाहेर पडलेले चित्रकार-कलावंत. व्यवस्थापनाची पदवी त्यांच्यापैकी कोणाकडे होती म्हणून ते जमलं, असं नाही.

२०१९ साली पुष्पमाला स्वतः महोत्सवाच्या दिग्दर्शकाच्या खुर्चीत बसल्या. चेन्नई फोटो बिएनालेच्या दुसऱ्या आवृत्तीच्या त्या कलादिग्दर्शक होत्या आणि त्यांनी तिला 'फॉना ऑफ मिरर्स' असं नाव दिलं. आरशापलीकडे एक वेगळीच सृष्टी राहते, अशा जुन्या चिनी दंतकथेवरून ते घेतलेलं होतं. फोटो म्हणजे आरसा नव्हे, आरशापलीकडचं काहीतरी, हे वीस वर्षं स्वतःच्या चेहऱ्यावर रंग लावून सांगणाऱ्या बाईने दुसरं कोणतं नाव दिलं असतं? प्रदर्शनाच्या जागांत मद्रास विद्यापीठाचं सिनेट हाउस होतं. साहेबांच्या काळातली ती इमारत म्हणजेच पुष्पमाला यांच्या फोटोंतल्या पडद्यांची सख्खी बहीण. कलाकार म्हणून त्या ज्या गोष्टीशी भांडत आल्या तीच गोष्ट त्यांनी दिग्दर्शक म्हणून प्रदर्शनासाठी वापरली.

यावर एक रास्त आक्षेप आहे. कलाकाराच्या हाती महोत्सव दिला की तो आपल्या मित्रांना बोलावतो, आपल्या आवडीचंच काम लावतो, आणि ज्यांचं काम त्याला कळत नाही ते बाहेर राहतात. आक्षेप खरा आहे, पण तो व्यवस्थापकाच्या हाती दिलेल्या महोत्सवालाही लागू आहे, फक्त तिथे मित्रांच्या जागी प्रायोजक येतात. कलाकाराची आवडनिवड निदान उघड असते, तिच्याशी भांडता येतं. शिवाय पुरावा असा की छायाचित्रणाचे जगभरातले अनेक नावाजलेले महोत्सव छायाचित्रकारांनीच उभे केले. फ्रान्समधल्या आर्ल या लहान गावात १९७० साली ल्युसियाँ क्लेर्ग याने दोन मित्रांसह महोत्सव सुरू केला. तो त्याच गावचा, तिथल्या जिप्सींचे आणि बैलझुंजींचे फोटो काढणारा. ढाक्यात शाहिदुल आलम यांनी २००० साली छबी मेळा सुरू केला आणि रिक्षाच्या गाड्यांवर फोटो लावून ते गल्लीबोळांत फिरवले. दिल्लीत २०११ साली प्रशांत पंजियार आणि दिनेश खन्ना यांनी महोत्सव केला, तेव्हा फोटो सार्वजनिक जागेत परत आणायचा हाच त्यांचा हेतू होता. आणि आपल्या सीमेलगत, गोव्यात, २०१५ साली पणजीत सुरू झालेला गोवाफोटो पुढे बार्देशातल्या राहत्या घरांमध्ये गेला. पाहुण्याने दिवाणखान्यात यायचं, घरच्यांच्या कपाटांमध्ये आणि पूर्वजांच्या तसबिरींमध्ये लावलेलं काम पाहायचं. या शेवटच्या प्रयोगामुळेच दासगावचा विचार हवेतला राहत नाही.

दासगाव सावित्रीच्या खाडीकाठी, महाडच्या अलीकडे. मुंबई-गोवा महामार्ग जवळून जातो, कोकण रेल्वेचं वीर स्थानक हाकेच्या अंतरावर. रस्ते आणि रूळ येण्याआधी या भागाचं दार म्हणजे दासगावचं बंदर होतं. बाणकोटच्या मुखातून खाडीत शिरलेल्या बोटी इथे लागत. लष्करातून निवृत्त झालेल्या महार सैनिकांची इथे वस्ती होती. असेच एक निवृत्त महार सैनिक म्हणजे याच भागातले गोपाळबाबा वलंगकर. १८८६च्या सुमारास ते निवृत्त झाले आणि १८८८ साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' लिहिलं. १९२७च्या मार्चमधल्या महाडच्या परिषदेची जुळवाजुळव करणारे रामचंद्र बाबाजी मोरे यांचंही नातं याच गावाशी. आणि २५ डिसेंबर १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर दुसऱ्या परिषदेसाठी मुंबईहून आले ते बोटीने, दासगावच्या बंदरावर. धरमतरच्या वाटेवर मोटारवाले सहकार्य करणार नाहीत हे दिसत होतं, म्हणून समुद्राची वाट धरली. बंदरावर हजारो सत्याग्रही वाट पाहत होते. तिथून ते मिरवणुकीने महाडला गेले, आणि त्याच रात्री मनुस्मृतीचं दहन झालं. परिषदेला हिंदूंनी जागा दिली नाही, ती दिली फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी.

या सगळ्याचं वर्णन शब्दांत भरपूर आहे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सुरू झालेलं 'बहिष्कृत भारत' आहे, चरित्रं आहेत, आठवणी आहेत. पण आज आपल्या डोळ्यांसमोर २० मार्चच्या चवदार तळ्यावरच्या सत्याग्रहाचं जे दृश्य उभं राहतं, ओंजळीत पाणी घेतलेले बाबासाहेब, ते चित्रकारांनी आणि शिल्पकारांनी दिलेलं आहे. ते कॅलेंडरांवर आहे, पुतळ्यांत आहे, पोस्टरांवर आहे. दासगावच्या बंदराचं तसं दृश्य लोकांच्या मनात नाही. बोट लागते आहे, उन्हात लोक उभे आहेत, पोलीस अधिकारीही आलेला आहे, हे आपण वाचतो, पाहत मात्र नाही. पुष्पमाला यांची पद्धत नेमकी इथेच उपयोगी पडते. कालिकतचा दरबार पोर्तुगीज चित्रकाराने चारशे वर्षांनी कल्पनेने रंगवला आणि तो जगाने इतिहास म्हणून पाहिला. मग दासगावचं आगमन दासगावच्या लोकांनीच, त्याच धक्क्यावर, कॅमेऱ्यासमोर उभं करायला कोणाची हरकत असावी? ज्यांच्या पणज्या-पणजोबांनी ती वाट तुडवली त्यांनीच वेश ठरवावेत, कोण कुठे उभा राहील ते ठरवावं, आणि तयार झालेलं चित्र त्याच बंदरावर लावावं. मुंबईच्या दालनात तो एक 'प्रकल्प' होईल. बंदरावर लावला तर गावाने स्वतःविषयी केलेलं विधान होईल. तेव्हा कलाकार आणि महोत्सवाचा दिग्दर्शक यांची कामं वेगळी काढून दाखवणं कोणालाही जड जाईल.

आता सगळ्यात कठीण आक्षेप. इतिहास पुन्हा उभा करून त्याचे फोटो काढणं म्हणजे खोटा पुरावा तयार करणं, आणि ज्या समाजाचा इतिहास पुसण्याचे एवढे प्रयत्न झाले त्याला खोटा पुरावा परवडणारा नाही. हा आक्षेप घेणाऱ्याला मी सहज झटकणार नाही. पण पुरावा आणि मांडणी यांची गल्लत तेव्हाच होते जेव्हा मांडणी स्वतःला पुरावा म्हणवते. जॉन्सनच्या खंडांचा दोष तोच होता. शाहिदुल आलम यांनी २०१० साली ढाक्यात 'क्रॉसफायर' हे प्रदर्शन लावलं. विषय होता सुरक्षादलाने 'चकमकीत' मारलेली माणसं. मारतानाचे फोटो अर्थातच नव्हते. प्रत्येक प्रकरणाचा तपशील गोळा करून त्यांनी त्या जागांचे, त्या रात्रींचे रचलेले फोटो काढले. खोटे म्हणून कोणी हसलं नाही, उलट पोलिसांनी दालनाची वाट अडवली आणि उद्घाटन रस्त्यावर झालं. मांडणी आहे असं उघड सांगितलेला फोटो सत्तेला एवढा झोंबतो, यावरून सत्य आणि कॅमेऱ्यासमोर काय घडलं या दोन गोष्टी एकच नाहीत, एवढं तरी कळतं. जागेवरच्या खऱ्या फोटोचं मोल त्याने कमी होत नाही. सुधारक ओलवे यांनी मुंबईतल्या सफाई कामगारांचे फोटो काढले ते गटारात उतरलेल्या माणसांसोबत राहून. त्यासाठी मांडणी करायची गरजच नव्हती, कारण ते आजही रोज घडतं. जे रोज घडतं त्याला ओलवे यांची रीत, आणि जे घडून गेलं त्याला पुष्पमाला यांची. यांत कोणती वरची हे ठरवण्यात फार अर्थ नाही.

दासगावलाच मात्र अशी एक गोष्ट आहे जिथे मांडणी करू नये. जुलै २००५च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यातल्या जुई, दासगाव, कोंडिवते आणि रोहन या गावांवर दरडी कोसळल्या आणि दोनशेच्या घरात माणसं गेली. जुलै २०२१ मध्ये याच तालुक्यातल्या तळियेवर दरड आली, ऐंशीहून अधिक माणसं गेली. या आपत्तींचे फोटो त्या-त्या आठवड्यात देशभर छापले गेले: चिखल, यंत्रं, चादरीत गुंडाळलेले देह, कॅमेऱ्याकडे पाहणारी एखादी म्हातारी. ते छापणं तेव्हा आवश्यक होतं, त्यातून मदत आली. पण तेच फोटो आज मोठे करून गावाच्या चौकात लावणारा दिग्दर्शक गावाच्या जखमेवर स्वतःचं नाव कोरतो, असं माझं स्पष्ट मत आहे. इथे दिग्दर्शकाची कसोटी काय लावलं यापेक्षा काय लावलं नाही यात आहे. गेलेल्यांचे आधीचे फोटो, लग्नातले, शाळेतले, मुंबईहून सुट्टीला आल्यावर अंगणात काढलेले, हे घरच्यांनी दिले तर लावावेत आणि नाही दिले तर मागू नयेत. दरड आणि पूर यांत घराबरोबर अल्बमही जातो हे लक्षात घेतलं तर अशा गावात उरलेल्या फोटोंच्या नकला करून ठेवणं हेच महोत्सवाचं पहिलं काम ठरतं, प्रदर्शन त्यानंतर. ही कामं छायाचित्रकाराला जमतात आणि निव्वळ कार्यक्रम भरवणाऱ्याला जमत नाहीत, कारण कोणता फोटो कोणासमोर आला तर काय होतं हे त्याने आयुष्यभर पाहिलेलं असतं.

राहिला व्यवहाराचा प्रश्न: एवढ्याशा गावात महोत्सव पाहायला येणार कोण आणि पैसा कुठून येणार? येणाऱ्यांची चिंता दासगावला इतर गावांपेक्षा कमी आहे. २० मार्च आणि २५ डिसेंबर या दोन दिवसांना महाडला माणसं येतातच, कोणी जाहिरात न करता, शेकडो मैलांवरून. त्यांना थोडं अलीकडे उतरवण्याएवढं निमित्त बंदराकडे आहे. पैशाचं म्हणाल तर फ्रेम, काच, वातानुकूलित दालन हा खर्च शहरी सवयीचा आहे. कापडावर छापलेले मोठे फोटो शाळेच्या भिंतीवर, बुद्धविहाराच्या आवारात, मशिदीजवळच्या दुकानांच्या फळ्यांवर आणि धक्क्याच्या कडेला बांधता येतात. गोव्यात घरं उघडली गेली तशी इथेही काही घरं उघडतील, पण ती कोणत्या वाडीतली असतील हे पहिल्या बैठकीतच ठरवावं लागेल, नाहीतर रस्त्यालगतच्या चार घरांतच सगळं आटपेल आणि वरच्या वाड्यांना ते झाल्यावर कळेल. निवड करणाऱ्यांत निम्मी माणसं गावची हवीत, आणि त्यांना केवळ सत्कारापुरतं न बसवता एखादा फोटो नाकारण्याचा अधिकार द्यायला हवा. बाहेरून आलेल्या दिग्दर्शकाला तो अधिकार खुपेल, त्यावर वादही होईल. तो वाद डिसेंबरच्या कार्यक्रमासाठी पावसाळ्यातच सुरू केलेला बरा, म्हणजे दिवाळीपर्यंत छपाईला जाता येतं. मार्च उलटला की कापडं उतरवून, घड्या घालून शाळेच्या कपाटात ठेवावी लागतील, कारण जूननंतर कोकणात उघड्यावर बांधलेलं काही टिकत नाही. आणि त्या कपाटाची किल्ली कोणाकडे राहणार, हेही आधीच लिहून ठेवायला हवं.